हिशेब मागणारे मालक

जुलै १९७७, न्यूयॉर्क

तुम्ही खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून उभे आहात आणि तुम्ही कोणालाच दिसत नाही. लांब टेबलाभोवती बसलेली माणसं एक्सॉन चालवतात, जगातल्या सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांपैकी एक. पडद्याजवळ उभे आहेत जेम्स ब्लॅक, कंपनीचेच ज्येष्ठ शास्त्रज्ञ. लिहून आणलेलं भाषण त्यांच्या हातात नाही. एकामागून एक स्लाइड सरकतात आणि ते शांतपणे सांगत जातात. कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे. त्यामुळे पृथ्वीचं तापमान वाढेल. काही देशांना याचा फायदा होईल, काहींची शेती बुडेल. पुढच्या वर्षी ब्लॅक हेच लेखी मांडतील आणि ऊर्जेबाबतचे कठीण निर्णय घ्यायला माणसाच्या हाती पाच ते दहा वर्षं असल्याचा अंदाज देतील.

तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक जाड कागद आहे, एक्सॉनच्या शेअरचं प्रमाणपत्र. तुमचा हा सगळा प्रवास त्या कागदाच्या बळावर चालणार आहे. कंपनीच्या विहिरी, जहाजं, रिफायनऱ्या, या खोलीतलं टेबलसुद्धा, या सगळ्याचा अगदी बारीक हिस्सा तुमच्या मालकीचा आहे. समोरची माणसं तुमच्या वतीनं कंपनी चालवतात. तरी आज इथे जे बोललं गेलं, ते तुमच्या घरी येणाऱ्या वार्षिक अहवालात असणार नाही. त्यात उत्पादन असेल, नफा असेल, लाभांश असेल. धंद्याच्या मुळाशी असलेल्या या धोक्याबद्दल मात्र चकार शब्द नसेल.

इथून पुढे दर मुक्कामी एकच प्रश्न तुमच्या सोबत येईल. धंद्यातला धोका आतल्या माणसांना ठाऊक असेल, तर तो मालकाला कळायला हवा की नको?

नोव्हेंबर १९८२, फ्लोरहॅम पार्क

आज ज्या न्यू जर्सीत शेकडो मराठी घरांत गणपती बसतात, त्याच राज्यातल्या या गावात एक्सॉनच्या संशोधन विभागाची कचेरी आहे. मधल्या पाच वर्षांत कंपनी हातावर हात ठेवून बसलेली नाही, हे इथे कबूल करायला हवं. १९७९ पासून ‘एसो अटलांटिक’ या महाकाय तेलवाहू जहाजावर उपकरणं बसवून मेक्सिकोच्या आखातापासून इराणच्या आखातापर्यंतच्या प्रवासात समुद्राच्या पाण्यातला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला गेला. संगणकावर हवामानाची प्रारूपं तयार झाली. विज्ञान पक्कं आहे आणि ते करणारी माणसं हुशार आहेत.

टेबलावर एक टंकलिखित पुस्तिका पडली आहे. तुम्ही सोबतचं पत्र वाचता. ही माहिती व्यवस्थापनात सर्वत्र फिरवली आहे, बाहेरच्या लोकांशी बोलताना तिचा आधार घेता येईल, पण हा दस्तऐवज कंपनीच्या लोकांपुरताच ठेवावा, बाहेर वाटू नये, अशी सूचना त्यात आहे. तुम्ही पानं उलटता आणि एका आलेखाशी थबकता. एक रेघ कार्बन डायऑक्साइडची, दुसरी तापमानाची. आडव्या अक्षावर वर्षं. २०२० च्या आसपास बोट ठेवलं, की हवेच्या दर दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण ४१५ भाग, आणि तापमानात एका अंशाच्या जवळपास वाढ.

या इमारतीत भविष्यातून आलेलं माणूस तुम्ही एकटेच आहात. मे २०१९ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत ४१५ चा आकडा पहिल्यांदा नोंदला गेला, हे तुम्हाला माहीत आहे. सदतीस वर्षं आधी काढलेली रेघ तिथेच जाऊन टेकते. २०२३ मध्ये जेफ्री सुप्रान, स्टेफान रामस्टॉर्फ आणि नाओमी ओरेस्केस हे संशोधक ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून देतील की १९७७ ते २००३ या काळात एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेल्या तापमानवाढीच्या भाकितांपैकी ६३ ते ८३ टक्के अचूक ठरली.

खिशातला कागद चाचपून पाहा. तुमच्या कंपनीनं तुमच्याच पैशातून हे ज्ञान मिळवलं आहे. ते ज्ञान पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका तुमच्यापर्यंत येणार नाही.

२४ मार्च १९८९, ब्लाय रीफ, अलास्का

मध्यरात्र नुकतीच उलटली आहे. प्रिन्स विल्यम साउंडच्या थंडगार काळोखात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे जहाज खडकावर चढलं आहे. वास तुम्हाला आधी जाणवतो. कच्च्या तेलाचा जड, डोळे चुरचुरवणारा वास. दिवस उजाडतो तेव्हा पाण्याचा रंग पाण्यासारखा राहिलेला नाही. सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात सांडलं. पुढच्या आठवड्यांत ते २,००० किलोमीटरच्या आसपास किनाऱ्याला लागेल. अडीच लाखांच्या घरात समुद्रपक्षी आणि हजारो पाणमांजरं मरतील. ज्यांची चूल मासेमारीवर पेटते, त्या गावांचा हंगाम बुडेल आणि पुढची कित्येक वर्षं नीट सुरू होणार नाही.

किनाऱ्यावर उभं राहून हिशेब करा. साफसफाईला २ अब्ज डॉलरहून जास्त खर्च. १९९४ मध्ये ज्यूरीनं ठोठावलेला ५ अब्ज डॉलरचा दंड, जो पुढे सर्वोच्च न्यायालय २००८ मध्ये ५० कोटी ७५ लाखांवर आणेल. पर्यावरणाचा धोका हा कोणा निसर्गप्रेमी मंडळींचा वेगळा विषय आहे, अशी समजूत बाळगणाऱ्या गुंतवणूकदाराची समजूत या पाण्यात बुडाली. जो धोका ताळेबंदात दिसत नव्हता, त्याची किंमत ताळेबंदालाच मोजावी लागली.

१९८९ च्याच सप्टेंबरमध्ये गुंतवणूकदार आणि पर्यावरण संस्था एकत्र येऊन ‘सेरेस’ या संघटनेमार्फत दहा तत्त्वं जाहीर करतात. पुढाकार जोन बव्हेरिया या बाईंचा, त्या स्वतः गुंतवणूक व्यवसायातल्या. तत्त्वांना नाव दिलं जातं व्हाल्डेझ तत्त्वं. धोका असेल तर सांगा, अपघात झाला तर सांगा, दर वर्षी स्वतःची तपासणी करा आणि ती लोकांसमोर ठेवा, अशी ही मागणी. सेरेसच्याच पुढाकारातून १९९७ मध्ये ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ उभी राहील आणि कंपन्यांनी पर्यावरणाचा अहवाल कसा लिहायचा याची जगभर वापरली जाणारी चौकट देईल. हा धागा लक्षात असू द्या. प्रवासाच्या शेवटी तो मुंबईत निघणार आहे.

१९९७ आणि त्यानंतर

ऑक्टोबर १९९७ मध्ये क्षणभर बीजिंगला थांबा. जागतिक पेट्रोलियम परिषदेच्या मंचावर एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड सांगत आहेत की पृथ्वी वीस वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा आज थंड आहे. क्योटोची हवामान परिषद दोन महिन्यांवर आली आहे. पंधरा वर्षांपूर्वी फ्लोरहॅम पार्कमध्ये पाहिलेला आलेख तुमच्या डोळ्यांसमोर आहे. पोटात एक आणि ओठांवर दुसरं, हे एका माणसानं केलं तर त्याची शेजाऱ्यांत पत जाते. एवढ्या मोठ्या कंपनीनं केलं, तर ज्या धोरणावर लाखोंची निवृत्ती आणि कोट्यवधींची शेती अवलंबून आहे, ते धोरणच वर्षानुवर्षं अडून राहतं.

आता पुन्हा न्यू जर्सीला या. फ्लोरहॅम पार्कपासून जवळच कॉल्डवेल हे गाव आहे आणि तिथे डॉमिनिकन जोगिणींचा मठ आहे. सिस्टर पॅट्रिशिया डेली इथल्या. मठांकडे वृद्ध जोगिणींच्या देखभालीसाठी राखलेला निधी असतो, तो शेअरमध्ये गुंतवलेला असतो, म्हणजे जोगिणीही भागधारक असतात. १९७१ पासून अमेरिकेतल्या अनेक चर्चसंस्थांनी एकत्र येऊन ‘इंटरफेथ सेंटर ऑन कॉर्पोरेट रिस्पॉन्सिबिलिटी’ चालवलं आहे. आधी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरून, मग इतर प्रश्नांवरून त्यांनी कंपन्यांना जाब विचारला. आता सिस्टर पॅट्रिशिया आणि मिलवॉकीचे कॅपुचिन धर्मगुरू मायकेल क्रॉस्बी एक्सॉनला हवामानाबद्दल विचारत आहेत.

त्यांच्या हातातलं हत्यार नीट समजून घ्या, कारण सगळी लढाई त्यानंच झाली. या काळातल्या अमेरिकेच्या नियमांनुसार २,००० डॉलरचे शेअर वर्षभर जवळ असले, की भागधारकाला वार्षिक सभेत ठराव मांडता येतो. ठराव आणि त्याची कारणं मिळून ५०० शब्दांत बसवायची. कंपनीला तो आपल्या खर्चानं सगळ्या भागधारकांना पाठवावा लागतो, अगदी संचालक मंडळाचा त्याला कडवा विरोध असला तरी. पहिल्या खेपेला ३ टक्के मतं पडली, तर ठराव पुन्हा आणता येतो. दुसऱ्या खेपेला ६ टक्के लागतात, त्यापुढे दर वेळी १०. ठराव मंजूर झाला तरी तो कंपनीवर बंधनकारक नसतो.

सुरुवातीच्या वर्षांत जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचा हक्क शाबूत राहावा, एवढीच मतं मिळवायची होती. ज्यांना तिमाही नफ्याची घाई नसते आणि ज्यांची संस्था शतकांच्या हिशेबानं चालते, अशी माणसंच ही लढाई लढू शकत होती. म्हणून ती जोगिणींनी लढवली, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. आदर मात्र मनापासून वाटतो.

२८ मे २००८, डॅलस

मॉर्टन एच. मेयरसन सिंफनी सेंटर. आय. एम. पेई यांनी आखलेली ही इमारत संगीतासाठी बांधलेली आहे. दारावर झडती होते. कॅमेरा, फोन, ध्वनिमुद्रणाची साधनं, मोठ्या पिशव्या, काहीच आत नेता येत नाही. या खेपेला तुम्ही अदृश्य नाही. तुमच्या हातात प्रवेशपत्र आहे, आणि प्रवेशपत्र मिळालं कारण खिशात शेअर आहे. सभा सुरू होते. एक्सॉन आणि मोबिल १९९९ मध्ये एक झाल्या आहेत. गेल्या वर्षीचा नफा ४० अब्ज डॉलरच्या वर, तोवरच्या अमेरिकी इतिहासातला सर्वांत मोठा. अध्यक्षस्थानी रेक्स टिलरसन.

आज सभागृहात जे घडतं त्याकडे सगळ्या वर्तमानपत्रांचं लक्ष आहे. ज्या जॉन डी. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलमधून ही कंपनी जन्मली, त्याच्या पणती नीवा रॉकफेलर गुडविन आणि कुटुंबातले इतर अनेक जण व्यवस्थापनाच्या विरोधात उभे राहिले आहेत. कंपनीचा मुख्याधिकारी आणि संचालक मंडळाचा अध्यक्ष हे एकच माणूस असू नयेत, मंडळाला स्वतंत्र अध्यक्ष असावा, म्हणजे तेलानंतरच्या काळाचा विचार करायला कोणीतरी मोकळं राहील, असा त्यांचा आग्रह आहे. या कुटुंबाला तेलाच्या धंद्याचा राग नाही. त्यांची श्रीमंतीच तेलातून आली. पणजोबांनी रॉकेल विकून साम्राज्य उभारलं आणि पुढे दिव्यांची जागा विजेनं घेतली तेव्हा त्यांच्या कंपनीनं पेट्रोल विकलं. काळ बदलला की धंदा बदलावा लागतो, हे त्यांच्या घरातलंच शहाणपण आहे.

सिस्टर पॅट्रिशियाही सभागृहात बोलतात. हरितगृह वायू कमी करण्यासाठी कंपनीनं आकड्यांत उद्दिष्टं ठरवावीत, हा त्यांचा ठराव. मग निकाल येतात. स्वतंत्र अध्यक्षाच्या ठरावाला ३९.५ टक्के मतं. सिस्टर पॅट्रिशियांच्या ठरावाला ३० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही ठराव पडले. पण बाहेर पडताना आकड्यांकडे नीट पाहा. ३० टक्के मतं काही फक्त मठांची नसतात. शिक्षकांचे, अग्निशमन जवानांचे, सरकारी नोकरांचे पेन्शन फंड आता जोगिणींच्या बाजूला येऊन उभे राहिले आहेत.

२०१४ ते २०१६

ही वर्षं झपाट्यानं ओलांडा. मार्च २०१४ मध्ये ‘अ‍ॅज यू सो’ आणि ‘अर्जुना कॅपिटल’ या भागधारकांच्या बाजूनं लढणाऱ्या संस्थांशी झालेल्या समझोत्यामुळे एक्सॉनमोबिल कार्बनच्या जोखमीवर पहिला अहवाल काढते आणि त्यात ठासून सांगते की आपला कोणताही साठा जमिनीखाली अडकून वाया जाणार नाही. २०१५ मध्ये बीपी आणि शेलच्या सभांत हवामान-जोखमीचे ठराव येतात. तिथली संचालक मंडळं स्वतःच त्यांना पाठिंबा देतात आणि ९८ टक्क्यांहून जास्त मतं पडतात. त्याच वर्षी सप्टेंबरपासून पत्रकार १९७७ आणि १९८२ ची ती कागदपत्रं उजेडात आणतात. तुम्ही भिंतीला टेकून जे ऐकलं, ते आता साऱ्या जगाला वाचता येतं. डिसेंबरमध्ये पॅरिस करार होतो. मे २०१६ मध्ये डॅलसला हवामान-जोखमीच्या ठरावाला ३८ टक्के मतं मिळतात.

३१ मे २०१७, डॅलस

पुन्हा तेच सभागृह. टिलरसन कंपनी सोडून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले आहेत आणि डॅरेन वूड्स अध्यक्ष म्हणून पहिलीच वार्षिक सभा चालवत आहेत. वॉशिंग्टनहून बातम्या येत आहेत की राष्ट्राध्यक्ष ट्रम्प पॅरिस करारातून बाहेर पडणार. ती घोषणा उद्या होईल.

तुमच्या मांडीवर सभेची पुस्तिका आहे. पर्यावरणाचा जो ठराव तुम्ही शोधता आहात, तो न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडानं आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या गुंतवणूक मंडळानं पुढे आणलेला आहे. फंडाचे विश्वस्त आहेत राज्याचे लेखानियंत्रक थॉमस डिनापोली. मागणी अगदी मोजकी आहे. जगानं तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवायचं ठरवलं, तंत्रज्ञान बदललं, धोरणं बदलली, तर कंपनीच्या तेल-वायूच्या साठ्यांचं आणि कमाईचं काय होईल, हे २०१८ पासून दर वर्षी भागधारकांना सांगा. खर्च वाजवी ठेवा, धंद्याची गुपितं फोडू नका. संचालक मंडळाची शिफारस ‘विरोधात मत द्या’ अशी आहे.

वाचताना लक्षात घ्या की हा ठराव एकही विहीर बंद करा म्हणत नाही. मालक फक्त विचारतो आहे की मी जे विकत घेतलंय त्याची उद्या काय किंमत राहील. हा प्रश्न हवेतला नाही, याचा पुरावा कंपनीच्याच फेब्रुवारीतल्या निवेदनात आहे. तेलाचे भाव पडल्यामुळे कॅनडातल्या कर्ल इथल्या तेलवाळूतलं साडेतीन अब्ज बॅरल तेल ‘सिद्ध साठ्या’च्या व्याख्येतून बाहेर काढावं लागलं. तेल जमिनीत जिथल्या तिथे होतं. भाव उतरले आणि वह्यांतला साठा आटला. भाव पडून एवढं होत असेल, तर साऱ्या जगानं तेल कमी जाळायचं ठरवल्यावर काय होईल, हे विचारणं हा साधा व्यवहार आहे.

खरी मतं या सभागृहात पडत नाहीत. ती सभेच्या आधीपासूनच प्रॉक्सीनं, म्हणजे प्रतिनिधीमार्फत, येत असतात. इथेच या कहाणीतली सर्वांत मोठी गाठ आहे. कंपनीचे सर्वांत मोठे भागधारक ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट. त्यांच्याकडचे पैसे त्यांचे स्वतःचे नाहीत. ते आहेत नर्सचे, बसचालकाचे, शिक्षकाचे आणि ह्यूस्टनच्या एखाद्या तेल कंपनीत नोकरी करणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरचेसुद्धा, ज्याचे निवृत्तीच्या ४०१(के) खात्यातले डॉलर इंडेक्स फंडात जातात. त्या इंजिनिअरच्या वाट्याचं मत देतो त्याचा फंड, आणि वर्षानुवर्षं हे फंड अशा प्रश्नांवर व्यवस्थापनाच्या मागे उभे राहत आले. या खेपेला तिघांनीही ठरावाच्या बाजूनं मत दिलं आहे. आज तुम्हाला ते ठाऊक नाही, पुढच्या काही महिन्यांत उघड होईल.

भाषणं होतात. प्रत्येकाला मोजकी मिनिटं. मग प्राथमिक निकाल वाचून दाखवला जातो. संचालकांच्या निवडी, लेखापरीक्षकाची नेमणूक, मग एकेक ठराव. तुमच्या ठरावाचा आकडा येतो. ६२ टक्के. एका वर्षात ३८ वरून ६२.

इथे थोडं थांबा आणि हा आकडा मनात नीट मुरू द्या. जगातल्या एका बलाढ्य तेल कंपनीच्या संचालक मंडळानं ‘विरोधात मत द्या’ असं छापून सांगितलं, आणि मालकांच्या बहुमतानं सांगितलं की आम्हाला हिशेब हवा आहे. त्याच महिन्यात ऑक्सिडेंटल पेट्रोलियमच्या भागधारकांनी असाच ठराव मंजूर केला होता. एकाच कंपनीतला योगायोग म्हणून हे सोडून देता येणार नव्हतं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनी अहवाल देते. तो वाचताना तुमचा हिरमोड होईल. आपल्या सिद्ध साठ्यांना फारसा धोका नाही, असाच त्याचा सूर आहे. भागधारकांच्या तोंडाला पानं पुसली, असं अनेकांना वाटलं आणि त्यात तथ्य होतं. पण आता गृहीतकं लेखी आहेत. कोणत्या वर्षी किती मागणी धरली, हे छापलेलं आहे, आणि छापलेल्या गोष्टीवर पुढच्या वर्षी बोट ठेवता येतं. १९८२ च्या पुस्तिकेवर कोणाला बोट ठेवता आलं नाही, कारण ती कोणाच्या हातातच नव्हती.

२६ मे २०२१, पडद्यासमोर

करोनामुळे सभा ऑनलाइन आहे. २०२० मध्ये कंपनीला २२ अब्ज डॉलरचा तोटा झाला, नैसर्गिक वायूच्या मालमत्तांची किंमत अब्जावधींनी खाली आणावी लागली. १९२८ पासून ज्या डाऊ जोन्स निर्देशांकात ती होती, त्यातून तिला वगळण्यात आलं. ‘तुमच्या धंद्याला धोका आहे’ हे वाक्य आता आकड्यांत लिहिलेलं आहे.

‘इंजिन नंबर वन’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या छोट्या फंडाकडे कंपनीचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर आहेत. त्यांनी संचालक मंडळासाठी स्वतःचे चार उमेदवार उभे केले आहेत, ऊर्जा धंद्यात मुरलेली माणसं. सभा मध्येच तासभर थांबवली जाते, कारण मतांची जुळवाजुळव शेवटच्या क्षणापर्यंत चालू आहे. संध्याकाळपर्यंत ग्रेगरी गॉफ आणि काइसा हिएताला निवडून आल्याचं कळतं. काही दिवसांनी अलेक्झांडर कार्सनर यांचंही नाव येतं. सभेच्याच दिवशी शेव्हरॉनच्या भागधारकांनी ६१ टक्के मतांनी, ग्राहकांनी इंधन जाळल्यावर होणारं उत्सर्जनही कमी करा असं सांगितलं, आणि हेगच्या न्यायालयानं शेलला २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश दिला. ते ४५ टक्क्यांचं बंधन पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलात रद्द झालं.

२०२४ आणि २०२५

विजयाच्या त्या दिवशीच प्रवास संपवता आला असता. तो तिथे संपवणं तुमची फसवणूक ठरली असती.

जानेवारी २०२४. एक्सॉनमोबिल टेक्सासच्या संघीय न्यायालयात आपल्याच भागधारकांवर खटला भरते. अर्जुना कॅपिटल आणि नेदरलँड्सचा ‘फॉलो धिस’ हा गट यांनी उत्सर्जन वेगानं कमी करण्याचा ठराव दिला होता. ते ठराव मागे घेतात, तरी खटला चालूच राहतो. पुन्हा असा ठराव आणणार नाही असं अर्जुनानं लिहून दिल्यावर जूनमध्ये न्यायाधीश तो काढून टाकतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगानं हवामान-जोखीम जाहीर करणं सक्तीचं करणारा नियम केला. तो लगेच न्यायालयात अडकला आणि मार्च २०२५ मध्ये आयोगानंच त्याचा बचाव सोडून दिला. मे २०२५ च्या एक्सॉनमोबिलच्या सभेत भागधारकांचा एकही ठराव मतदानाला नव्हता. अनेक दशकांत असं पहिल्यांदा घडलं.

खुलाशानं एक बॅरल तेलही कमी उपसलं जात नाही, हे कबूल करायला हवं. ६२ टक्क्यांनंतरही कंपनीनं तेलाचं उत्पादन वाढवलं. पण विचारणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी एवढी मोठी कंपनी न्यायालयात जाते, यावरूनच विचारण्यात किती बळ आहे ते कळतं. कोणी न विचारलेल्या प्रश्नावर कोणी खटला भरत नाही.

आज, मुंबई

तो धागा आता इथे निघतो. वांद्रे-कुर्ला संकुलात शेअरबाजाराची नियामक असलेल्या सेबीचं मुख्यालय आहे. मे २०२१ मध्ये सेबीनं ‘बीआरएसआर’ म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना आणला. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं सर्वांत मोठ्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो भरणं सक्तीचं आहे. ऊर्जा, पाणी, कचरा, हरितगृह वायू यांचे आकडे त्यात द्यावे लागतात. ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’च्या चौकटीत अहवाल देणाऱ्या कंपन्यांना तो संदर्भ इथे वापरता येतो. ब्लाय रीफच्या तेलातून निघालेली मागणी दलाल स्ट्रीटवर नोंदलेल्या कंपन्यांपर्यंत अशी पोचली.

मात्र कॉल्डवेलच्या जोगिणींच्या हातातलं हत्यार तुमच्या हातात नाही. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार भागधारकांचा ठराव सभेपुढे आणायला मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा एक दशांश हिस्सा मागे असावा लागतो. कोल इंडिया, एनटीपीसी आणि मुंबईच्या समुद्रातून तेल काढणारी ओएनजीसी, या कंपन्यांत निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा आहे. दहा टक्के गोळा करणं डोंगराएवढं काम आहे, आणि केलं तरी बहुमत सरकारचंच.

तरी तुमच्या हाती एक गोष्ट आहे आणि तिचा वापर फार थोडे लोक करतात. तुमची एसआयपी ज्या म्युच्युअल फंडात जाते, त्या फंडाला एप्रिल २०२२ पासून आपल्याकडच्या कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत देणं सक्तीचं आहे आणि ते मत तिमाहीला संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं, कारणासह. तो तक्ता उघडा. वीज, कोळसा आणि तेल कंपन्यांच्या सभांत तुमच्या पैशावर काय मतं पडली ते वाचा. कंपनीचा बीआरएसआर त्याच्या शेजारी ठेवा. मग फंडाला लिहा की हवामानाच्या जोखमीबद्दल तुम्ही या कंपनीला काय विचारलं, आणि उत्तर काय मिळालं. अमेरिकेत असाल तर ४०१(के) चालवणाऱ्या फंडाला हेच लिहा. कोणा बड्या माणसाची ओळख यासाठी लागत नाही. तुमच्या नावावर चार युनिट असली तरी पुरेत.

पहिल्या पत्राला छापील उत्तर येईल, किंवा येणारही नाही. पुढच्या तिमाहीत पुन्हा लिहा, शेजाऱ्याला लिहायला सांगा, सोसायटीतल्या चौघांना सांगा. पैसा तुमचा आहे, आणि ज्या हवेत हा धोका साठतो आहे तिच्यातच तुमची मुलंही श्वास घेतात. डॅलसमधले ६२ टक्के कोणा एका शूरामुळे आले नाहीत. विचारणाऱ्यांनी दर वर्षी पुन्हा विचारलं, म्हणून आले.